वाचकांचे प्रश्न : पुढे-मागे सरकणारी सीट अपघातात जागेवर कशी राहते?

या खेपेला आलेली बरीचशी पत्रं गाडीच्या सीटबद्दलची आहेत, म्हणून ती एकत्रच घेतली. गाडी घेताना एअरबॅग किती, स्टार किती, हे सगळे विचारतात. सीटचा विषय निघाला तर तो कापड, फोम आणि कंबरदुखीपुरता. प्रत्यक्षात पट्ट्याचं निम्मं काम सीटच्या पोटातलं लोखंड करत असतं. सीटला जितक्या हालचाली दिल्या तितके जोड वाढतात, आणि प्रत्येक जोड धडकेच्या क्षणी घट्ट धरून राहावा लागतो.

प्रश्न : माझी हॅचबॅक सहा वर्षांची आहे. जोरात ब्रेक मारला की ड्रायव्हरची सीट कधीकधी ‘टक्’ करून बोटभर पुढे येते. दरवेळी नाही. गॅरेजवाला म्हणतो, ‘चॅनल थोडं घासलंय, चालतंय.’ खरंच चालतं का?
— एक वाचक, सातारा

नाही चालत. या पानावरच्या सगळ्या तक्रारींत हीच सर्वांत आधी मार्गी लावायची आहे.

सीटखाली दोन्ही बाजूंना चॅनलची एकेक जोडी असते. खालचं चॅनल गाडीच्या फ्लोअरला बोल्टने बसवलेलं, वरचं सीटच्या सांगाड्याला. दोघांच्या मध्ये छर्रे किंवा रोलर असतात, म्हणून सीट हलक्या हाताने सरकते. तिला धरून ठेवते ती स्प्रिंगने दाबलेली दातेरी पट्टी. सीटखालचा दांडा उचलला की तिचे दाते खाचांतून बाहेर येतात, सोडला की परत आत बसतात. दोन खाचांमधलं अंतर गाडीगणिक बदलतं. साधारण ५ ते १० मिलिमीटर धरा.

तुमची सीट बोटभर सरकून मग अडकते. म्हणजे दाते खाचेत पूर्ण बसलेलेच नव्हते, दोन खाचांमधल्या भिंतीवर टेकून होते. ब्रेकच्या हिसक्याने ते पुढच्या खाचेत पडले, तोच तुमचा ‘टक्’. आता आकडे पाहा. कोरड्या डांबरी रस्त्यावर जीव खाऊन ब्रेक दाबला तरी गाडी ज्या जोराने मंदावते तो गुरुत्वाकर्षणाच्या एकपटीच्याही आत असतो, ०.८ च्या आसपास. सीटची परीक्षा २० पटीला घेतात. ०.८ पटीला हलणारी सीट २० पटीला काय करेल हे वेगळं सांगायला नको. धडकेत पट्ट्याचा प्रीटेन्शनर काही मिलिसेकंदांत पट्टा ओढून तुम्हाला सीटला आवळून धरतो. त्याच वेळी सीटच पुढे घसरली तर त्याने मिळवून दिलेलं अंतर तिथेच वाया जातं, आणि एअरबॅग फुलायच्या आत छाती स्टिअरिंगजवळ पोचते.

दाते अर्धवट बसण्याची कारणं बहुतेक वेळा किरकोळ असतात. चॅनलमध्ये वाळू, बिस्किटाचा चुरा, नाणं, पेनाचं टोपण सापडतं. हल्ली त्यात जाड सेव्हन-डी मॅटची भर पडली आहे. बसवणारा मॅटची कड चॅनलच्या अगदी लगत उचलून ठेवतो, ती दांड्याखाली येते आणि दांडा पूर्ण खाली बसत नाही. दुसरं नेहमीचं कारण म्हणजे वाकलेला दांडा. सीट सरकवताना जोर लावून एकाच टोकाला ओढायची सवय असेल, तर एका बाजूचे दाते बसतात आणि दुसऱ्या बाजूचे अधांतरी राहतात. दमलेली स्प्रिंग आणि झिजलेले दाते ही कारणं त्यानंतरची.

तपासणी घरी होते. गाडी सपाटीवर लावा, हँडब्रेक ओढा. मागच्या सीटवर बसून पुढच्या सीटच्या पाठीच्या अगदी बुडाशी, म्हणजे बिजागरीजवळ, दोन्ही हात लावा आणि नेटाने ढकला, मग ओढा. पाठीच्या वरच्या भागाला धक्का देऊन उपयोग नाही, तिथे पाठ लवते आणि अंदाज चुकतो. एखाद-दोन मिलिमीटर हलणं ठीक. खाच सोडून सरकली तर दोष नक्की. हीच तपासणी सीट अगदी पुढे, मधे, अगदी मागे आणि तुम्ही रोज बसता त्या जागी अशी करा, कारण झीज रोजच्या जागीच जास्त असते. मग मोबाइलच्या टॉर्चने दोन्ही चॅनलमध्ये डोकवा. दांडा सोडल्यावर दोन्हीकडचे दाते सारखेच खोल गेलेत का, हे डोळ्यांनी दिसायला हवं. एकीकडे दाताची चकचकीत कड खाचेबाहेर दिसत असेल तर ते चॅनल धरत नाही.

दुरुस्ती करताना आधी व्हॅक्युम, जुना टूथब्रश आणि कोरडं फडकं. मॅट कापा किंवा मागे सारा. त्यानंतर फक्त घसरण्याच्या जागी लिथियम ग्रीसचा पातळ हात द्या. स्प्रेचं पातळ तेल मारू नका. ते आतलं मूळ ग्रीस धुऊन काढतं आणि वर धूळ धरतं. एवढं करून सीट सरकतच असेल तर चॅनलची जोडी बदलायची, दोन्ही बाजूंची. ‘तुम्ही एकटेच चालवता ना, मग वेल्डिंगचा एक टाका मारून देतो’ म्हणणाऱ्या गॅरेजमधून सरळ बाहेर पडा. चॅनलचं पोलाद जास्त ताकदीचं असतं. वेल्डिंगच्या उष्णतेने नेमकी टाक्याशेजारची पट्टी कमजोर होते.

तोवर एक करा. सीट लावून झाली की दांडा सोडून कमरेने पुढे-मागे हिसका द्या आणि खटका ऐका. चालत्या गाडीत तर दांड्याला हातच लावू नका.

प्रश्न : पट्ट्याचं बकल आमच्या गाडीत फ्लोअरला नाही, सीटलाच लावलेलं आहे. म्हणजे अपघातात माझा सगळा भार त्या चार बोल्टवरच ना? हे कोणी तपासतं का?
— एक वाचक, डोंबिवली

सगळा नाही, पण बराचसा. तीन जागी धरलेल्या पट्ट्याचं वरचं टोक दरवाजामागच्या खांबाला असतं, खालचं बाहेरचं टोक बऱ्याच गाड्यांत बॉडीला आणि काहींत सीटला, आणि बकल सीटच्या आतल्या बाजूला. बकल सीटवर ठेवण्यामागे हेतू आहे. सीट पुढे-मागे केली तरी ते तुमच्या कमरेशी त्याच जागी राहतं आणि पट्ट्याचा कोन बिघडत नाही.

किंमत मात्र चॅनलला मोजावी लागते. कमरेचा आणि छातीचा असे पट्ट्याचे दोन्ही भाग बकलपाशी एकत्र येतात, त्यामुळे दोघांचा ताण तिथे जमा होतो. तो पुढे आणि वर ओढतो, म्हणजे सीटचा मागचा भाग उचलला जायला बघतो. म्हणून वरच्या आणि खालच्या चॅनलच्या कडा आकड्यासारख्या वळवून एकमेकांत अडकवलेल्या असतात. सीट मागे-पुढे सरकेल, पण वर निघणार नाही. सर्वांत जास्त ताण येतो आतल्या बाजूच्या चॅनलवर आणि त्याच्या मागच्या बोल्टवर. आणि हा बोल्ट मधल्या कन्सोलच्या आड, पाना नीट जात नाही अशा जागी असल्याने घाईत अर्धवट आवळला जाणाराही हाच.

तपासणीचं म्हणाल, तर आपली मानकं संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमांवर बेतलेली आहेत आणि चाचण्या पुण्याच्या ‘एआरएआय’सारख्या संस्थांत होतात. पट्ट्याच्या जोडांसाठीच्या नियम क्रमांक १४ नुसार कारच्या तीन-जागी पट्ट्यावर छातीच्या आणि कमरेच्या भागाला प्रत्येकी १३५० डेकान्यूटन, म्हणजे जवळजवळ १३७५ किलो वजनाइतकी ओढ देतात. पट्टा सीटला जोडलेला असेल तर सीटच्या वजनाच्या २० पट ओढ वर आणखी. २० किलोची सीट धरली तर हे आणखी ४०० किलो. जोडांनी ही ओढ सहन करायची असते. वाकले तर चालतं, सुटून चालत नाही.

सीटसाठी वेगळा नियम क्रमांक १७ आहे. त्यात पाठीला मागच्या दिशेने ५३० न्यूटन-मीटरचा मोमेंट (वळवणारा जोर) देतात, आणि संपूर्ण सीटला पुढे व मागे २० पट हिसका देऊन पाहतात की सरकण्याचं, झुकण्याचं कोणतंही कुलूप आपोआप सुटत नाही ना. अमेरिकेचा २०७ क्रमांकाचा नियम मात्र १९६० च्या दशकातला आहे, आणि त्यात पाठीसाठी ३७३ न्यूटन-मीटरच पुरतात. पाठ मागे कोसळण्याच्या प्रकरणांवरून तिथे इतकी वर्षं वाद चालला आहे तो याच आकड्यावरून, आणि आमच्या मते टीकाकारांचं म्हणणं रास्त आहे.

छत उघडणाऱ्या गाडीत खांबच नसतो. तिथे पट्ट्याची तिन्ही टोकं सीटवर येतात, आणि सीटचा सांगाडा व चॅनल दोन्ही बरीच दणकट करावी लागतात. मर्सिडीझने १९८९ च्या एसएल गाडीत अशी सीट दिली होती.

प्रश्न : नाशिक-मुंबई प्रवासात बाजूच्या सीटवर मी पाठ बरीच मागे करून झोपते. पट्टा लावलेला असतो. नव्या गाड्यांत तर ‘झीरो ग्रॅव्हिटी’ सीटची जाहिरात असते. यात धोका आहे का?
— एक वाचक, नाशिक

आहे, आणि पट्टा लावूनही आहे.

कमरेचा पट्टा मांड्यांच्या वर, कटीच्या दोन्ही हाडांवर बसायला हवा; ती हाडं मोठा मार सोसू शकतात. पाठ मागे टाकली की कटी मागे कलते आणि हाडांची धार पट्ट्याखालून निसटते. छातीचा पट्टा तर अंगाला टेकतच नाही, समोर हवेत लोंबतो. धडकेत शरीर पट्ट्याखालून पुढे घसरतं आणि तोच पट्टा पोटात शिरतो. आतडी, यकृत, प्लीहा आणि कमरेचे मणके यांच्या इजा होतात त्या अशा. ही घसरण रोखण्यासाठी बैठकीच्या पुढच्या भागात फोमखाली पत्र्याचा चढ दिलेला असतो. पण तो सरळ बसलेल्या माणसाचा हिशेब धरून दिलेला असतो. धडक-चाचणीतला डमीही पाठ उभ्या रेषेपासून साधारण २५ अंश मागे ठेवून बसवतात. गाडीला मिळालेले स्टार त्या बैठकीचे आहेत, झोपलेल्या माणसाचे नव्हेत.

किती मागे चालेल, याचं सोपं माप असं : डोकं हेडरेस्टला टेकलेलं असताना पट्टा खांद्याच्या मधोमध आणि छातीला लागून हवा. पट्टा आणि छाती यांच्यात मूठ जात असेल तर पाठ एक-दोन दाते वर घ्या. लिव्हरच्या रिक्लायनरमध्ये, म्हणजे पाठ झुकवणाऱ्या जोडात, गोल दातेरी कडं असतं आणि कॅम त्यात छोटे दातेरी ठोकळे दाबून बसवतो. त्याच्या पायऱ्या साधारण २ अंशांच्या असतात. गोल नॉब फिरवायच्या प्रकारात पायऱ्या नसतात. आतलं दातेरी चाक बाहेरच्यापेक्षा एका दाताने लहान असतं, ते हळूहळू फिरतं आणि भाराने उलटं फिरत नाही. धरण्याच्या दृष्टीने दोन्ही प्रकार चांगले. पाठ किती मागे टाकायची, हे मात्र दोन्हींत तुमच्याच हातात.

‘झीरो ग्रॅव्हिटी’ सीट ही थांबलेल्या गाडीतली चैन आहे असं समजा. धडक जवळ आल्याचं ओळखून बाजूची सीट आपोआप बऱ्या स्थितीत आणणारी व्यवस्था मर्सिडीझने २००२ साली एस-क्लासमध्ये ‘प्री-सेफ’ नावाने आणली. पण पूर्ण आडवी झालेली पाठ विजेच्या मोटरने उभी व्हायला काही सेकंद लागतात, आणि धडक तेवढा वेळ देत नाही. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये ही सोय स्पष्ट लिहिलेली नसेल तर ती नाही असंच धरा.

प्रश्न : माझी टुरिस्ट गाडी आहे. मागच्या प्रवाशांना समोरचं दिसावं म्हणून पुढच्या सीटचे हेडरेस्ट काढून डिकीत टाकलेत. पट्टा असताना हेडरेस्टचं काय काम?
— एक वाचक, ठाणे

मागून ठोकर बसली की पट्ट्याला फारसं काम उरत नाही. तिथे सीटची पाठ आणि हेडरेस्ट हाच आधार. पाठ तुमच्या धडाला पुढे ढकलते, डोकं जागीच राहतं आणि मानेचे मणके क्षणभर इंग्रजी एस अक्षरासारखे वळतात. सिग्नलला उभं असताना ताशी १५-२० किलोमीटरच्या ठोकरेनेही महिनोन् महिने मान धरते ती यामुळे.

यावर खास उपाय निघाले ते १९९० च्या दशकाच्या शेवटी. साबने १९९७ साली सीटच्या पाठीत एक तरफ बसवली. कंबर-पाठ मागे दाबली गेली की हेडरेस्ट वर आणि पुढे येतो. व्होल्वोने १९९८ च्या एस-८० मध्ये रिक्लायनरच्या जोडातच वाकणारा भाग ठेवला. त्यामुळे पाठ आधी सरळ मागे सरकते, मग बेताने झुकते आणि धक्का त्यातच जिरतो. असा भाग एकदा वाकला की बदलावा लागतो, ही गोष्ट जुनी गाडी घेताना लक्षात ठेवा.

तुमच्या गाडीत यातलं काही नसलं तरी हेडरेस्ट आजच परत लावा. त्याची वरची कड डोक्याच्या माथ्याबरोबर हवी, निदान कानांच्या वर तरी. डोकं आणि हेडरेस्ट यांच्यात तीन-चार बोटांपेक्षा जास्त अंतर नको. अमेरिकेच्या नियमात ही मर्यादा ५५ मिलिमीटर आहे. दांड्यांवरच्या खाचेत खटका बसला का, हे वरून दाबून पाहा. खाली घसरलेला हेडरेस्ट मानेला टेकू देऊन डोकं आणखी मागे पाडतो.

अनेक स्वस्त सीटमध्ये झुकण्याचं कुलूप एकाच बाजूला असतं, दुसरीकडे नुसती बिजागरी. अशा पाठीचा वरचा कोपरा धरून हलवला तर बिजागरीकडची बाजू थोडी जास्त पिळते, त्याने घाबरू नका. कुलपाच्याच बाजूला खडखड होत असेल तर रिक्लायनर गेला. आणि २०२३ साली सुरू झालेल्या ‘भारत एनकॅप’च्या पद्धतीत स्टार मिळतात ते पुढून आणि बाजूने बसणाऱ्या धडकेवर. मागच्या ठोकरेची परीक्षा त्यात नाही, त्यामुळे या बाबतीत स्टारवर विसंबू नका.

प्रश्न : आई चार फूट दहा इंच आहे, ती आता गाडी शिकते आहे. सीट उंच करायचा लिव्हर आहे, पण पूर्ण वर घेतली की काही दिवसांत सीट थोडी खाली आल्यासारखी वाटते. खाली उशी घेतली तर?
— एक वाचक, कोल्हापूर

उशी नको. ती दबते, घसरते, आणि नाशिकच्या पत्राच्या उत्तरात सांगितलेली पट्ट्याखालून घसरण उशीमुळे आणखी सोपी होते.

लिव्हर पंपासारखा हलवला की एक छोटं दातेरी चाक फिरतं आणि सीटखालच्या चार जोडांच्या सापळ्याला उचलतं. हात सोडल्यावर चाक उलटं फिरू नये म्हणून आत स्प्रिंग आणि रोलरचा ब्रेक असतो. सीट हळूहळू बसत असेल तर हा ब्रेक घसरतोय. पक्कं कळण्यासाठी बैठकीच्या कडेपासून दरवाजाच्या पट्टीपर्यंतची उंची टेपने मोजून लिहून ठेवा आणि आठवड्याने पुन्हा मोजा. फरक पडला तर ब्रेकचा पूर्ण संच बदलतात, तो उघडून दुरुस्त करण्यासारखा नसतो. सापळ्याच्या पिनांचे आणि बोल्टचे जोडही बघायला सांगा. २०१४ साली जनरल मोटर्सने अमेरिकेत चार लाखांहून अधिक गाड्या परत बोलावल्या, त्या विजेवर वर-खाली होणाऱ्या सीटचा एक बोल्ट सैल होऊन निसटू शकतो म्हणून.

आईसाठी सीट लावायचा क्रम असा. आधी उंची, समोरचा रस्ता बॉनेटवरून नीट दिसेपर्यंत. मग पुढे-मागे, क्लच पूर्ण दाबल्यावर गुडघा किंचित वाकलेला राहील असं. मग पाठ. शेवटी स्टिअरिंगच्या मध्यापासून छातीच्या हाडापर्यंतचं अंतर मोजा. ते २५ सेंटिमीटरपेक्षा कमी नको, कारण एअरबॅग फुलताना पहिले काही सेंटिमीटर तिचा जोर सर्वांत जास्त असतो. उंची कमी असली की पाय पोचवण्याच्या नादात हे अंतर घटतं. तेव्हा पाठ थोडी मागे घ्या, स्टिअरिंग खाली झुकवा, आणि ते पुढे-मागे होणारं असेल तर आत ढकला.

प्रश्न : लेदरचं सीट कव्हर शिवून घेतलं. साइड एअरबॅगला अडचण येईल का?
— एक वाचक, पनवेल

सीटच्या पाठीच्या दरवाजाकडच्या कडेला ‘एअरबॅग’ असं छोटं लेबल आहे का ते बघा. असेल तर बॅग तिथूनच, मूळ कव्हरची खास कमकुवत शिवण फाडून बाहेर येते. वर जाड लेदर आणि दुहेरी टाके आले की ती उशिरा किंवा भलत्या दिशेने उघडते. त्या बाजूला पूर्ण उघडी असलेली किंवा फाटणारी शिवण असलेली, त्याच मॉडेलसाठीची कव्हर घ्या. ‘एअरबॅग कंपॅटिबल’ असा नुसता टॅग पाहून घेऊ नका, कड हाताने चाचपून बघा.

प्रश्न : पावसात गाडीत पाणी शिरलं. कार्पेट वाळवायला सीट काढल्या आणि परत बसवल्या. आता एअरबॅगचा दिवा जात नाही आणि ड्रायव्हरची सीट सरकताना अडते.
— एक वाचक, लातूर

दोन्ही तक्रारी बसवण्यातल्या आहेत.

सीटखालच्या पिवळ्या सॉकेटमधून साइड एअरबॅग आणि प्रीटेन्शनरच्या वायरी जातात. ते सुटलेलं असताना कोणी एकदा जरी चावी ‘ऑन’ केली तरी कंट्रोलर दोष नोंदवतो, आणि पुष्कळ गाड्यांत तो स्कॅनर लावल्याशिवाय पुसला जात नाही. योग्य क्रम असा : चावी बंद, बॅटरीची ऋण तार काढा, निदान ३ मिनिटं थांबा (मॅन्युअलमध्ये जास्त लिहिलं असेल तर तितकं), मगच पिवळं सॉकेट सोडवा. परत जोडताना त्याचं कुलूप बसल्याचा खटका यायला हवा. दिवा गेला नाही म्हणून त्या वायरींना मल्टीमीटर लावू नका. मीटरच्या प्रवाहानेही बॅग फुटू शकते. पाणी सीटच्या बैठकीपर्यंत चढलं असेल तर सॉकेटच्या पिना हिरव्या पडल्यात का, हे सर्व्हिस सेंटरला दाखवा. पाण्यात बुडालेला प्रीटेन्शनर वाळवून वापरायचा नसतो.

सीट अडते त्याचं कारण बहुधा हे : सीट बाहेर असताना दांडा दाबला गेला आणि एक चॅनल दुसऱ्यापेक्षा एक खाच पुढे सरकलं. तसंच बोल्ट केलं की सीट तिरपी बसते, जड सरकते, आणि एका बाजूचे दाते कधीच पुरते आत जात नाहीत. सीट पुन्हा काढा. दोन्ही वरची चॅनल एका टोकापर्यंत न्या, तिथून सारख्या खाचा मोजून मागे आणा आणि खटका बसल्याची खात्री करा. मग सीट ठेवून चारही बोल्ट आधी हाताने तीन-चार आटे फिरवा, आणि सगळे लागल्यावरच टप्प्याटप्प्याने आवळा. मागचे आवळण्यासाठी सीट पुढे, पुढचे आवळण्यासाठी मागे. टॉर्क बहुतेक कारमध्ये ४० ते ५० न्यूटन-मीटरच्या घरात असतो, पण नेमका आकडा तुमच्या मॉडेलचाच घ्या आणि टॉर्क रेंच वापरा. काही कंपन्या हे बोल्ट एकदा काढले की नवेच लावा असं सांगतात.

पट्ट्याचे बोल्टही काढले असतील तर ते वेगळे ओळखून ठेवा. त्यांचे आटे बहुतेकदा ७/१६ इंच, २० आट्यांचे असतात, म्हणजे व्यास ११.१ मिलिमीटर. हरवला म्हणून हार्डवेअरच्या दुकानातून १० चा आणला तर तो सैल बसून आवळल्यासारखा भासतो, आणि १२ चा ठोकून घातला तर फ्लोअरला वेल्ड केलेल्या नटचे आटे जातात. मूळ सुटा भागच मागवा.

प्रश्न : कुर्ल्याहून अपघातग्रस्त गाडीची, त्याच मॉडेलची पॉवर सीट स्वस्तात मिळते आहे. शिवाय पाय आखडतात म्हणून खाली दीड इंचाचे स्पेसर टाकायचा विचार आहे.
— एक वाचक, चंद्रपूर

अपघातातली सीट घेऊ नका. चॅनलच्या वळवलेल्या कडा किंचित उघडल्या असतील तर नुसत्या नजरेला दिसत नाहीत, आणि सीट मोटरवर सुरळीत सरकतेही. पॉवर सीटमध्ये दाते नसतात. लांब स्क्रू आणि नट असतो, आणि मोटरचं वर्म गिअर भाराने उलटं फिरत नाही म्हणून सीट जागी राहते. धडकेत स्क्रू वाकला असला तर पुढे तो एका ठरावीक जागी कुरकुरतो, तोवर पैसे देऊन झालेले असतात. शिवाय फुटलेला प्रीटेन्शनर त्या सीटच्या बकलला असण्याची शक्यता आहेच. बकलची दांडी त्याच मॉडेलच्या चांगल्या सीटपेक्षा चार-पाच सेंटिमीटर खाली ओढलेली दिसली तर तो वापरून झालेला आहे.

स्पेसरही नकोत. दीड इंच उंच बसवलेली सीट म्हणजे बोल्टवर नुसती ओढ न राहता वाकवणारा जोर, शिवाय डोकं छताच्या जवळ. पाय आखडत असतील तर आधी सीट एक-दोन खाचा मागे घेऊन आणि स्टिअरिंग आपल्याकडे ओढून बघा.

प्रश्न : मागची सीट ६०:४० दुमडते. डिकीत नेहमी पाण्याचे जार, टूलबॉक्स असतो. पुढच्या सीटला याचा काही संबंध?
— एक वाचक, बारामती

थेट संबंध आहे. नियम १७ मध्येच यासाठी चाचणी आहे : १८-१८ किलोचे दोन ठोकळे मागच्या सीटमागे ठेवून ताशी ५० किलोमीटरची धडक देतात. या वेगाला एका ठोकळ्याची ऊर्जा साधारण १७०० जूल होते. तुमचा भरलेला २० लिटरचा जार याहून जड आहे.

दुमडणाऱ्या पाठीचं कुलूप वरच्या कोपऱ्यात असतं. बॉडीला वळवलेली सळई, आणि पाठीत तिला पकडणारा खटका. बहुतेक गाड्यांत बटणाशेजारी लाल खूण असते. ती दिसत असेल तर कुलूप अर्धवट आहे. पट्ट्याची जीभ किंवा कव्हरची घडी सळईत अडकली की हे होतं. पाठ उभी केल्यावर वरची कड धरून पुढे जोरात ओढा. मधल्या प्रवाशाचा पट्टा काही गाड्यांत या पाठीतूनच येतो. तिथे हे कुलूप म्हणजे त्या प्रवाशाच्या पट्ट्याचं वरचं टोकच.

मागे बसलेला पट्टा न लावलेला माणूसही पुढच्या सीटवर असाच आदळतो, फक्त ७० किलोचा. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला, ते मागच्या सीटवर पट्ट्याविना होते. त्यानंतर मागच्या पट्ट्याची चर्चा झाली ती मागच्या प्रवाशापुरती. पुढच्याची सीट त्या धक्क्याने पुढे कोलमडते, ही बाजू मागेच राहिली. पट्टा न लावल्यास १००० रुपये दंडाची तरतूद मागच्यांनाही लागू आहे.

जार डिकीच्या तळाशी, मागच्या सीटच्या पाठीला अगदी टेकवून ठेवा, हुक असतील तर बेल्टने बांधा. टूलबॉक्स त्याच्यावर चढवू नका. मागे कोणी बसलेलं नसेल तेव्हा मागचे पट्टे रिकामेच बकलमध्ये अडकवून ठेवा. पाठीच्या कुलपाला तेवढाच जोडआधार मिळतो.